विजेची पंगत

आमच्या घरमालकांना उभ्याने खाणारा माणूस सहन होत नसे. कृषी सहायक म्हणून मी एकोडीत रुजू झाले, त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि पहिल्याच सकाळी घाईघाईत ओट्यापाशी उभी राहून पोहे खाऊ लागले. खिडकीबाहेरून आवाज आला, "पोरी, बस. उभ्यानं ढोरं खातेत." मी दचकून खाली बसले. लगेच पुढची सूचना आली, "हं. आता सावकाश होऊ द्या."

सावकाश होऊ दिल्यामुळे माझी नोकरीतली पहिली बैठक हुकली. मला त्यांचा इतका राग आला की संध्याकाळी मी दुसरी खोली शोधायला निघाले. गावात दुसरी खोली नव्हती. आज मी याला माझं नशीब म्हणते. त्या संध्याकाळी काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. उंच, हडकुळे, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर दुपट्टा. घरचं धान होतं, भाताची खाचरं म्हणजे बांध्या होत्या, पण शेती हा त्यांचा जोडधंदा म्हणायचा. त्यांचं खरं काम पंगत बसवण्याचं. लग्न असो, तेरवी असो, बारसं असो, आसपासच्या गावांत पंगतीचा कारभार काकाजींकडे. याची त्यांना ना कोणी नेमणूक दिली होती, ना मेहनताना. आवतन आलं की जायचं, मांडवावर एक नजर टाकायची, एका वेळी किती पानं बसतील ते सांगून मोकळं व्हायचं, आणि मग कमरेवर हात ठेवून दोन रांगांच्या मधे उभं राहायचं. कुणाच्या पत्रावळीवरचं मीठ संपलं, कोण भाताला नको म्हणतोय पण मनातून त्याला हवा आहे, कोण पहिल्या पंगतीत जेवून तोंड पुसून पुन्हा तिसरीत येऊन बसलाय, सगळं त्यांना दिसायचं. एखाद्या वाढप्याने उंचावरून भात टाकला तर भर मांडवात त्याची हजेरी घेतली जाई. "भात वाढून राहिला का ट्रॉली खाली करून राहिला बे?"

त्यांचे नियम साधे होते. पंगत बसली की कुणी मधे उठायचं नाही, कुणी मधे घुसायचं नाही, आणि जेवण झालं की मागच्यासाठी जागा सोडायची. मग तो सरपंच असो की नवऱ्याचा मामा.

पुढे बुफे आला आणि काकाजींचं राज्य गेलं. साकोलीकडच्या एका लॉनवर त्यांनी पहिला बुफे पाहिला, तेव्हा मी सोबत होते. हातात ताट घेऊन रांगेत उभी असलेली चांगली चांगली माणसं पाहून त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी हिरवळीवर आपला दुपट्टा अंथरला, तिघा-चौघा म्हाताऱ्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि टेबलावरची भाजीची बादली उचलून आणून वाढायला सुरुवात केली. कॅटरिंगची पोरं त्यांच्यामागे धावली. वधूचा बाप हात जोडत आला, "काकाजी, सगळे पाहून राहिले ना!" काकाजी म्हणाले, "पाहू दे. त्यांहिले बी बसावंसं वाटत असन." कोणी बसलं नाही. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

त्यानंतर त्यांनी लग्नांना जाणं सोडलं. दिवसभर ओसरीवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून जेवलास का विचारायचे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, कमी बोलायच्या, पण एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "यायच्या हाताले काही काम पायजे म्याडम. नाई त हे मलेच पंगतीत बसवतेत."

ते काम वादळाने आणून दिलं. त्या साली उन्हाळ्याच्या शेवटी असा वारा सुटला की सडकेवरचे खांब एकामागून एक आडवे झाले आणि गाव चार दिवस अंधारात राहिलं. नागपूरला असलेल्या मुलाने फोनवर इन्व्हर्टर घेऊन देतो म्हटलं. काकाजींनी तो तिथल्या तिथे नाकारला. "बॅटरीतली वीज म्हंजे शिळी वीज. काल भरलेली आज खाची. मले ताजी पायजे." आणि ते स्वतः जाऊन पेट्रोलवर चालणारा एक लहान जनरेटर ट्रॅक्टरवर घालून घेऊन आले.

तो उतरवला तेव्हा अर्धी गल्ली अंगणात जमली होती. शिकलेली म्हणून सूचनांचं पुस्तक माझ्या हातात दिलं गेलं. पण ऐकायला धीर कुणाला? माझं पहिलं पान उलटायच्या आत पेट्रोल ओतलं गेलं आणि दोरी ओढायची सुरुवात झाली. एकाने ओढली, दुसऱ्याने ओढली, काकाजींनी दुपट्टा कमरेला बांधून ओढली. यंत्र ढिम्म. लोक दुकानदाराला शिव्या देऊ लागले. तोवर मी दुसऱ्या पानावर पोचले होते. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं की नवं यंत्र इंजिन ऑइलविना येतं, ते आधी भरावं. ऑइल नसेल तर यंत्र सुरूच होणार नाही.

काकाजींनी कपाळावर हात मारला. "उपाशी आहे बिचारी! अन् आपन तिले नाचवून राहिलो." ऑइल आणायला माणूस पाठवला आणि ते येईपर्यंत कुणाला दोरीला हात लावू दिला नाही.

मग ठेवायचं कुठे यावर वाद झाला. मी ओसरी सुचवली; पावसात भिजणार नाही. काकाजी माझ्याकडे असे बघू लागले की मला माझ्या पदवीची लाज वाटावी. "आचाऱ्याची भट्टी कधी घरात पाह्यली काय? हिचा धूर दिसत नाई, पन झोपला मानूस झोपलाच राह्यते." अंगणाच्या पार टोकाला, सगळ्या खिडक्यांपासून लांब, चार लाकडी बल्ल्यांवर टिनाचं छप्पर घालून चारही बाजूंनी मोकळी अशी यंत्राची जागा झाली. शेजारच्या एका हुशार माणसाने दुसरी युक्ती काढली: जनरेटरची पिन घरातल्या बोर्डातच उलटी खोचा, सगळं घर एकदम उजळेल. काकाजी भडकले. "अन् ते वीज उलटी खांबावर गेली त? वर लाईनमन चढला असन, त्याच्या ताटात आपलं वाढाचं काय? मरून जाईन ना तो!" त्यामुळे घराची वायरिंग बाजूलाच राहिली, यंत्रापासून लांब जाड वायरी निघाल्या आणि ज्याला वीज हवी त्याच्यापर्यंत त्या पोचवायच्या असं ठरलं.

आणि तिथेच काकाजींना त्यांचं गेलेलं राज्य परत मिळालं. यंत्र लहान, मागणारे फार. मी पुस्तकातून वाचून दाखवत होते की सगळी उपकरणं एकदम लावू नयेत, एकेक लावावं, मोठं आधी लावावं. माझं वाचून होईस्तोवर त्यांचे डोळे चमकले होते. "म्हंजे पंगत!" ते म्हणाले. "सांग ना मंग सरळ."

त्या दिवसापासून वीज गेली की आमच्या अंगणात पंगती बसू लागल्या. पहिली पंगत फ्रिजची. फ्रिज हा त्यांच्या लेखी व्याही होता. "बसताना भलती धडपड करते, मंग गप जेवते. म्हनून त्याले आधी बसवा." तो स्थिरावला की मग पंखे, दिवे, आणि कडेला पोराटोरांसारखे मोबाईल. दुसरी पंगत पाण्याच्या मोटारीची. ती एकटीच बसायची, कारण ती फार खायची. काकाजी हातात घड्याळ न घेता, नुसत्या यंत्राच्या आवाजावरून सांगायचे, "भरलं हिचं. उठवा आता." पंगत उठली की आधी सगळ्यांच्या पिना काढायच्या, मग यंत्र बंद, मग ते गार होईस्तोवर विसावा. गरम यंत्रात पेट्रोल ओतायला निघालेल्या एकाच्या हातावर त्यांनी चक्क चापट मारली होती.

गल्लीतले लोक हसायचे, पण वायर घेऊन वेळेवर यायचे. वीज गेली की काकाजी स्वतः दारोदार जाऊन आवतन द्यायचे. "तिसऱ्या पंगतीले या. मोबाईल अन् एक बल्ब." आवतन नसताना कुणी यायचं नाही आणि आवतन असून कुणी चुकवायचंही नाही. एकदा त्यांचे जावई आले होते. पाऊस, वीज गेलेली, पहिली पंगत रंगात आलेली, आणि यंत्र घरघर करून एकदम बंद पडलं. काकाजी वायरीचा माग काढत काढत थेट न्हाणीत पोचले. जावईबापूंनी गुपचूप पाणी तापवायची रॉड लावली होती. जावयाला कोणी बोलत नाही आमच्याकडे, त्यातून ते टॉवेलावर उभे. काकाजी हात जोडून म्हणाले, "पाहुने, तुमचा मान मोठा. पन तुमी पंगत मोडली. आता शेवटच्या पंगतीले बसा." जावई दोन दिवस थंड पाण्याने आंघोळ करत होते. मुलगी रुसली, पण काकाजींचा निर्णय काही फिरला नाही.

हे सगळं मी गमतीने सांगते आहे. पण एका आषाढात पंगतीचा हाच नियम काकाजींच्या अंगाशी आला.

आमच्या शेजारच्या घरात वैशाली राहायची. तिचा नवरा नागपूरला कारखान्यात कामाला होता आणि तिने तिकडे यावं म्हणून मागे लागला होता. वैशालीला जायचं नव्हतं. तिचं अंगण, तिचा बचत गट, तिच्या गावठी कोंबड्या, सगळं इथे. तिने गटाच्या मदतीने अंडी उबवायचं यंत्र घेतलं होतं. पिल्लं तयार करून गावोगावच्या बायांना द्यायची असा तिचा बेत. नवऱ्याने शेवटी कबूल केलं: पहिली खेप नीट निघाली तर तू इथे राहा, नाही निघाली तर घराला कुलूप लावून नागपूरला यायचं. वैशाली मला रोज विचारायची, "म्याडम, निघतीन ना?" मी निघतील म्हणायची, आणि घरी येऊन घाबरायची.

काकाजी माळकरी. अंड्याचं नावही ते तोंडाने घेत नसत. वैशालीच्या यंत्राचा विषय निघाला की "ते तिचं काय आहे ते" म्हणायचे आणि माळेला हात लावायचे.

आणि पिल्लं फुटायला दोन-तीन दिवस उरले असताना झड लागली. पाऊस, वारा, धानाची रोवणी ठप्प, बांध्यांत खांब पडलेले, नाल्यावरून पाणी, साकोलीचा रस्ता बंद. वीज कधी येईल हे कोणी सांगू शकत नव्हतं. आमच्या अंगणात पहिली पंगत बसलेली असताना वैशाली डोक्यावर पोतं घेऊन भिजत आली.

"काकाजी, माहीबी एक वायर घ्या."

"घेतो ना बाई. तिसऱ्या पंगतीले."

"पंगतीनं नाई जमत काकाजी. त्याहिले सारखं लागते. बंद पडलं का गार होतेत, मरतेत आतल्या आत." ती रडू लागली. "हे खेप गेली त मले जा लागते."

एकाच घराला सारखी वीज म्हणजे बाकीच्यांनी काय करायचं? पेट्रोल तर एक कॅनभर उरलेलं. काकाजींच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. पोरगी रडते आहे हे त्यांना बघवत नव्हतं. पण आयुष्यभर ज्यांनी मंत्र्याच्या साडूलासुद्धा दुसऱ्यांदा बसू दिलं नाही, त्यांनी आता न उठणारा पाहुणा कसा बसवायचा? त्यातून पाहुणा कोण, तर अंडी. ते माळ चाचपत राहिले. मला त्यांचा पुन्हा पहिल्या दिवसाइतका राग आला. मी बोलणारच होते, तेवढ्यात ओसरीवरून काकू बोलल्या.

"बाळंतीन पंगतीत बसते काय हो?"

काकाजींनी वळून पाहिलं.

"इतकी लग्नं केली तुमी," काकू म्हणाल्या. "बाळंतिनीले कधी रांगेत बसवलं? तिचं ताट घरी जाते. पंगत बसाच्या आधी. अन् तिले वाढलेलं कोनी मोजत नाई."

काकाजींचा चेहरा असा उजळला की तिसऱ्या पंगतीची वीज वाचली. त्यांना अंड्यांसाठी आनंद झाला की नियम सापडला म्हणून, हे मी आजही सांगू शकत नाही. "बराबर!" ते ओरडले. "बराबर आहे! बाळंतीनच आहे ते! अरे, पोरीच्या घरी वायर टाका. फ्रिज उठवा, मोटर राहू द्या. पानी हापशीवरून भरा. मोबाईल लावा, बल्ब लावा, थोडं थोडं खा. बाळंतिनीचं ताट बंद नाई झालं पायजे."

बांबूंवरून वायर वैशालीच्या घरात गेली. यंत्राला पेट्रोल पाजायचं तेवढा वेळ ते बंद राही, आणि तेवढ्या वेळात वैशाली, तिची सासू आणि मी उबवणीच्या पेटीवर गोधड्या टाकून बसायचो. बाहेर काकाजी यंत्र गार व्हायची वाट बघत त्याच्याभोवती फेऱ्या मारायचे. तरी गरम यंत्रात त्यांनी एक थेंब ओतू दिला नाही.

पेट्रोल संपत आलं तेव्हा काकाजींनी दुधाची कॅन आणि रबरी नळी घेतली आणि गावात निघाले. गावजेवणासाठी घरोघरचा शिधा गोळा करतात, तसा त्यांनी पेट्रोलचा शिधा मागायला सुरुवात केली. दारात मोटारसायकल दिसली की उभे राहायचे. "बाळंतिनीसाठी शिधा द्या." कुणी विचारलं, कोण बाळंत झालं? तर म्हणायचे, "होऊन राहिली. द्या लवकर." लोक हसत हसत टाक्या उघडायचे. ज्यांनी जावयाच्या रॉडवरून त्यांची टर उडवली होती त्यांनीही दिलं. एका म्हाताऱ्याकडे गाडी नव्हती. त्याने कंदिलातलं रॉकेल देऊ केलं. काकाजींनी ते मोठ्या आदराने नाकारलं. सारं गाव आता पायी झालं होतं, आणि कुणाच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. त्या दिवशी मला ते गाव फार आवडलं.

शिध्याचं पेट्रोलही सरत आलं. पाणी जरा उतरल्यावर एक ट्रॅक्टर नाल्यापार पेट्रोल आणायला गेला होता. दुपारी तो परतला तेव्हा सगळे धावलो. पेट्रोल नव्हतं. साकोलीच्या पंपावरही वीज नव्हती. ट्रॉलीत मात्र एक मोटारसायकल उभी होती आणि ती धरून वैशालीचा नवरा.

वीज गेल्याचं त्याला कळलं होतं. खेप गेली असंच धरून तो तिला न्यायला आला होता. वाईट माणूस नव्हता; तिचं दुःख बघायला लागेल म्हणून तोच जास्त कावराबावरा झाला होता. गाडी खाली उतरवून तो वैशालीला म्हणाला, "जाऊ दे. मनाले लावून घेऊ नको. सामान बांध."

वैशाली काही बोलायच्या आत काकाजी कॅन आणि नळी घेऊन मधे आले.

"टाकीत किती आहे?"

"नागपूरलेच फुल्ल केली, काकाजी."

"खोल."

"आँ?"

"टाकी खोल. शिधा दे. गावातल्या सगळ्यायनं देल्ला, तूच राह्यला."

"काकाजी, मले इले घेऊन वापस जाचं आहे ना!"

"जाशीन. आधी तुह्या घरची बाळंतीन सुटू दे."

त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण काकाजींपुढे नाही म्हणणारा त्या गावात जन्माला यायचा होता. नळी टाकीत गेली. काकाजींनी शेवटचा थेंब निथळेपर्यंत ती काढली नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि आम्ही गोधड्या उचलल्या. वैशालीने पेटीच्या काचेला कान लावला. मग तिने नवऱ्याला हाताने बोलावलं. आतून बारीक टकटक येत होती.

पहिलं पिल्लू बाहेर पडलं तेव्हा वैशालीचा नवरा पेटीपुढे उकिडवा बसलेला होता. ओलं, लटपटतं, धड उभं राहता येईना. दुसरं आलं. मग तर जागोजागी कवचं फुटू लागली. तो माणूस उठेचना. "पाह्य, पाह्य, तिकडचं पाह्य," असं वैशालीलाच दाखवत राहिला. तिने डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं, आणि मला एवढा आनंद झाला की मी सासूबाईंना मिठीच मारली.

काकाजी उंबऱ्याबाहेर थांबले होते. आत यायचं त्यांना जमत नव्हतं आणि जाववतही नव्हतं. "किती लेकरं झाले?" त्यांनी बाहेरूनच विचारलं. वैशालीने वाळलेलं एक पिल्लू आणून त्यांच्या दुपट्ट्यात ठेवलं. ते त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले आणि माळेला हात लावायला विसरले.

दिवस कलायला आला तेव्हा कुठे नवऱ्याला आपण कशाला आलो ते आठवलं. तो बाहेर आला, त्याने गाडी हलवून पाहिली. टाकीत खडखडाट.

"काकाजी," तो डोकं खाजवत म्हणाला, "आता आमी जाऊ कसे?"

काकाजींनी पिल्लावरून नजर काढली नाही. "कोन जाऊन राहिलं?"

तो वैशालीकडे बघत राहिला. ती दारात उभी होती, एका हातात कण्यांची वाटी, दुसऱ्या हाताने पदर खोचत.

"कोनी नाई," तो म्हणाला, आणि गाडी स्टँडवर लावून पुन्हा आत गेला.